क्लोचकोवाकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तेरा वर्षांची. चारही स्ट्रोक नीट येतात, पण एकातही ती जिल्ह्यात पहिली नाही. कोच म्हणतात, हिला ४०० मीटर आयएमकडे, म्हणजे वैयक्तिक मेडलीकडे (एकाच शर्यतीत बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, याच क्रमानं) वळवू या, आणि दाखला देतात याना क्लोचकोवाचा. वडिलांनी शोधून पाहिलं, तर युक्रेनची ही मुलगी अठराव्या वर्षी ऑलिम्पिक विजेती झाली, बाविसाव्या वर्षी पुन्हा झाली आणि त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये पोहलीच नाही. मग हा रस्ता धरावा, की पोर लवकर पिळून निघेल म्हणून टाळावा?

मी बरीच वर्षं वयोगटातल्या मुलामुलींना आयएम शिकवतो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तुमच्या कोचनी दिलेला दाखला बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. 'चारही स्ट्रोक बरे म्हणून आयएम' हे आपल्याकडचं ठरलेलं गणित. ज्याला कशातच पहिलं येता येत नाही त्याला मेडलीत टाकायचं. क्लोचकोवाची कारकीर्द नीट पाहिली तर हे गणित उलटं पडतं. तिच्या आयएमखाली लांब अंतराच्या फ्रीस्टाइलचा भक्कम पाया होता आणि त्या पायाशिवाय तिचे चार स्ट्रोक तिला कुठेच घेऊन गेले नसते.

यानाचा जन्म ७ ऑगस्ट १९८२ चा, क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा. क्रिमिया म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढे येतो, पण सिम्फेरोपोल समुद्रावर नाही, द्वीपकल्पाच्या आत आहे. तिथली मुलं तलावातच पोहायला शिकतात. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पैसा आटला, तरी मुलांच्या क्रीडाशाळांची जुनी घडी नव्या युक्रेनमध्ये बऱ्यापैकी टिकून होती: लहानपणी निवड, रोजचा सराव, एका कोचच्या हाताखाली वर्षानुवर्षं. यानाला घडवलं नीना आणि ओलेक्सांद्र कोझुख यांनी. याच द्वीपकल्पातल्या सेवास्तोपोलची गालिना प्रोझुमेन्श्चिकोवा १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकून सोव्हिएत संघाची पहिली ऑलिम्पिक जलतरण विजेती ठरली होती, तीही पंधराव्या वर्षी. म्हणजे शाळकरी मुलीला मोठ्या पातळीवर उतरवणं त्या भागात नवं नव्हतं.

जानेवारी १९९८ मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत पंधरा वर्षांच्या यानानं ४०० आयएमचं रौप्य मिळवलं. सुवर्ण चीनच्या चेन यानचं. तिनं आदल्याच वर्षी शांघायला ४:३४.७९ असा विश्वविक्रम केला होता. त्याआधीचा ४:३६.१० हा विक्रम पूर्व जर्मनीच्या पेट्रा श्नायडरचा, १९८२ चा. पूर्व जर्मनीच्या पोहण्यामागचं सरकारी डोपिंग पुढे उघड झालं हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्या काळातले आकडे मी मुलांपुढे ध्येय म्हणून ठेवत नाही. तरी पंधरा वर्षं जो आकडा हलला नाही, त्याच्या आसपास एक शाळकरी मुलगी पोहत होती, एवढं ध्यानात घ्या. दुसऱ्या वर्षी इस्तंबूलच्या युरोपियन स्पर्धेत तिनं २०० आणि ४०० अशा दोन्ही मेडली जिंकल्या.

आता सिडनी, सन २०००. इथे थोडं थांबू, कारण सगळा मुद्दा याच आठवड्यात आहे. १६ सप्टेंबरला, पोहण्याच्या पहिल्याच दिवशी, ४०० आयएमची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, आणि फायनल. फायनलमध्ये ४:३३.५९, नवा विश्वविक्रम. दुसरी आलेली जपानची यासुको ताजिमा ४:३५.९६, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त मागे. १९ तारखेला २०० आयएमची फायनल: २:१०.६८, ऑलिम्पिक विक्रम, रुमानियाच्या बेआत्रिचे कास्लारूच्या जवळजवळ दोन सेकंद पुढे. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण २२ तारखेला ती ८०० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनललाही उभी राहिली. अमेरिकेच्या ब्रुक बेनेटनं ८:१९.६७ मध्ये सुवर्ण घेतलं, याना ८:२२.६६ मध्ये दुसरी.

हिशेब मांडा. ४०० च्या दोन शर्यती, २०० च्या तीन (सिडनीपासून २०० मीटरला उपांत्य फेरी आली) आणि ८०० च्या दोन. तीन हजार मीटर, सगळे शर्यतीच्या वेगानं, एका आठवड्यात. जिच्या पायात आणि फुप्फुसात एवढं आहे, तिला ४०० आयएमचा शेवटचा शंभर मीटर कसा वाटत असेल, याची कल्पना करा. चार स्ट्रोक घोटलेली मुलगी त्या शेवटच्या शंभरात जीव मुठीत धरून येते. याना तिथे आपल्या घरी यायची.

हे नुसतं कौतुक नाही, यामागे शर्यतीची रचना आहे. ४:३५ च्या आसपासच्या ४०० आयएममध्ये बटरफ्लायचे शंभर मीटर साधारण ६२-६३ सेकंदांचे, बॅकस्ट्रोक ७० च्या आसपास, ब्रेस्टस्ट्रोक ७८ ते ८० आणि फ्रीस्टाइल पुन्हा ६३ च्या घरात. चारही तुकडे शंभर-शंभर मीटरचे असले तरी वेळेच्या हिशेबानं ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत लांब. शिवाय तो येतो तिसरा. तोवर बटरफ्लायनं खांदे जड झालेले असतात, बॅकस्ट्रोकनं पायांत लॅक्टेट (जोराच्या श्रमानं स्नायूंत साठणारा पदार्थ) भरलेलं असतं, आणि ब्रेस्टस्ट्रोकची किक अगदी वेगळे स्नायू मागते. आत्तापर्यंत वरखाली चाललेले पाय आता बाहेर वळवून मागे ढकलायचे. याच ठिकाणी ४०० आयएमच्या बहुतेक शर्यती हरल्या जातात. मग शेवटच्या शंभरात किक परत बदलायची, आणि दमलेल्या खांद्यांनी फ्रीस्टाइल ओढायचा.

आता सांगा, अशा शर्यतीची तयारी कुठून होते? बटरफ्लायच्या पन्नास-पन्नासच्या सेटमधून नाही. ती होते लांब, एकसुरी, कंटाळवाण्या फ्रीस्टाइलच्या मीटरांतून, कारण वेग टिकवायची सवय तिथेच लागते. पालकांना हा सराव बघायला आवडत नाही. काठावर बसून 'नुसते येरझारे घालतेय' असं म्हणतात. घालू द्या.

याना अपवाद असेल असं वाटत असेल, तर बाकीची नावं बघा. १९८८ ला सोलमध्ये ४०० आयएम जिंकणाऱ्या जॅनेट इव्हान्सनं त्याच ऑलिम्पिकमध्ये ४०० आणि ८०० फ्रीस्टाइलही जिंकल्या. आजची विश्वविक्रमधारक कॅनडाची समर मॅकिन्टॉश (४:२३.६५, जून २०२५) फ्रीस्टाइलच्या लांब शर्यतींतही जगात अगदी वर आहे. उलट उदाहरणही आहे, ते लपवत नाही: १९९२ ची विजेती हंगेरीची क्रिस्तिना एगरसेगी मुळात बॅकस्ट्रोकची राणी. म्हणजे दुसरा रस्ता नाहीच असं नाही, पण त्यासाठी एका स्ट्रोकमध्ये जगात पहिलं असावं लागतं. जिल्ह्यातही पहिली नसलेल्या मुलीनं पहिला रस्ता धरावा हे बरं.

सिडनीनंतर एक वर्षानं फुकुओकाची जागतिक स्पर्धा झाली. तिथे २०० आयएम अमेरिकेच्या मॅगी बोवेननं मारली, याना दुसरी. ४०० आयएम मात्र तिनं जिंकली. पण माझ्या दृष्टीनं त्या स्पर्धेतला तिचा खरा पराक्रम ४०० मीटर फ्रीस्टाइलचा: ४:०७.३० मध्ये सुवर्ण, कोस्टारिकाच्या क्लाउडिया पोलला मागे टाकून. पोल १९९६ ची २०० मीटर फ्रीस्टाइलची ऑलिम्पिक विजेती. मेडलीवाली म्हणून ओळखली जाणारी मुलगी फ्रीस्टाइलच्या शुद्ध शर्यतीत जगज्जेती होते, याचा अर्थ तिच्या सरावाच्या वहीत काय लिहिलेलं असेल हे वेगळं सांगायला नको. दोन वर्षांनी बार्सेलोनात दोन्ही मेडली पुन्हा तिच्याच.

अथेन्स २००४ ची ४०० आयएम मी शिकवताना नेहमी वापरतो. निकाल असा: क्लोचकोवा ४:३४.८३, अमेरिकेची केटलिन सँडिनो ४:३४.९५. फरक ०.१२ सेकंदाचा. तिसरी अर्जेंटिनाची जॉर्जिना बार्दाख, अडीच सेकंदांहून जास्त मागे. आता ही सँडिनो कोण? सिडनीच्या त्या ८०० फ्रीस्टाइलमध्ये बेनेट आणि यानाच्या मागोमाग तिसरी आलेली मुलगी. चार वर्षांपूर्वी ८०० मध्ये रौप्य आणि कांस्य घेतलेल्या दोघी अथेन्सला ४०० आयएमच्या पहिल्या दोन जागांवर होत्या. याहून चांगला पुरावा मला शोधूनही मिळणार नाही. तीन दिवसांनी याना २०० आयएमही जिंकली: २:११.१४, अमेरिकेची अमांडा बिअर्ड २:११.७०, झिम्बाब्वेची कर्स्टी कोव्हेंट्री तिसरी. ब्रेस्टस्ट्रोकची विशेषज्ञ बिअर्ड आणि बॅकस्ट्रोकची विशेषज्ञ कोव्हेंट्री, दोघीही २०० मध्ये जवळ येऊ शकल्या. ४०० मध्ये तशा विशेषज्ञांना जवळ येणं फार कठीण असतं.

आणखी एक गोष्ट, विशेषतः पालकांसाठी. सिडनीला ४:३३.५९, अथेन्सला ४:३४.८३. २०० मध्ये सिडनीला २:१०.६८, अथेन्सला २:११.१४. दोन्ही शर्यतींत ती चार वर्षांनी आधीपेक्षा हळू पोहली आणि दोन्ही जिंकली. तिची सर्वोत्तम ऑलिम्पिक वेळ अठराव्या वर्षीची. मधल्या चार वर्षांत ती काय करत होती? स्वतःला टिकवत होती. कधी ताणायचं, हीटमध्ये किती राखायचं, कुठल्या लेनमधल्या मुलीवर नजर ठेवायची, हे सगळं. प्रत्येक स्पर्धेत 'टाइमिंग सुटलं का?' एवढंच विचारणाऱ्या आई-बाबांनी हे दोन आकडे शेजारी लिहून फ्रिजवर लावावेत.

या दुहेरी यशाचं मोल किती ते सांगतो. महिलांच्या ऑलिम्पिक मेडलीत, २०० असो वा ४००, आपलं सुवर्ण पुढच्या ऑलिम्पिकला राखणारी बाई आजवर एकच झाली: याना क्लोचकोवा. आणि तिनं दोन्ही राखली. तिच्यानंतर २००८ ला स्टेफनी राइस, २०१२ ला ये शीवेन, २०१६ ला कातिन्का होस्सू, २०२१ च्या टोकियोत युई ओहाशी, २०२४ ला मॅकिन्टॉश, या प्रत्येकीनं दोन्ही मेडली जिंकल्या, पण पुढच्या ऑलिम्पिकला एकीलाही त्या राखता आल्या नाहीत (मॅकिन्टॉशची परीक्षा अजून व्हायची आहे). पुरुषांत हे हंगेरीच्या तामाश दार्न्यीनं १९८८ आणि १९९२ ला केलं, मग मायकेल फेल्प्सनं. बस्स. बायकांची ४०० आयएम माणसाला किती लवकर खाऊन टाकते, ते या यादीवरून कळतं.

म्हणजे तुमची भीती निराधार नाही. अथेन्सनंतर यानाला युक्रेननं 'हिरो ऑफ युक्रेन' हा सर्वोच्च किताब दिला, देशात तिला 'सोनेरी मासोळी' म्हणायचे, पण तलावात तिचा उतार सुरू झाला होता. २००५ च्या माँट्रियल जागतिक स्पर्धेत दोन्ही मेडली अमेरिकेच्या केटी हॉफनं नेल्या, २००७ ला मेलबर्नमध्ये परत तिनंच. मेलबर्नला तर हॉफनं ४:३२.८९ पोहून सिडनीचा साडेसहा वर्षं टिकलेला विश्वविक्रमही घेतला. बीजिंग २००८ च्या उद्घाटनाला युक्रेनचा ध्वज यानाच्या हातात होता, शर्यतीत मात्र ती नव्हती. पुढच्या वर्षी तिनं निवृत्ती जाहीर केली, सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास.

हे 'पिळून निघणं' होतं का? माझं मत असं: पंधराव्या वर्षी जागतिक रौप्य मिळवणारी मुलगी बाविसाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सात वर्षं सलग जगाच्या टोकावर असते, त्याला मी लवकर संपणं म्हणणार नाही. खेळात एवढा काळ शिखरावर राहणारे फार थोडे. पण तिच्या कारकिर्दीचा वेग, म्हणजे कोवळ्या वयात मोठ्यांच्या सरावाचं ओझं, तो मात्र उचलू नका. ती घडी एका विशिष्ट व्यवस्थेची होती. त्या व्यवस्थेत शंभर मुलांतून एक याना दिसते, बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय झालं हे कुणी लिहून ठेवत नाही.

यानानंतर तशी दुसरी घडवणं युक्रेनलाही सोपं गेलं नाही, हे जाता जाता सांगतो. सिडनीत यानाच्या तीन पदकांखेरीज डेनिस सिलांत्येवचं २०० बटरफ्लायचं रौप्य होतं, अथेन्सला तिच्या दोन सुवर्णांखेरीज आंद्री सेर्दिनोवचं १०० बटरफ्लायचं कांस्य. त्यानंतर २००८, २०१२, २०१६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये पोहण्यात युक्रेनला एकही पदक नाही. दुष्काळ संपवला मिखाइलो रोमान्चुकनं, टोकियोत: १५०० फ्रीस्टाइलचं रौप्य (१४:४०.६६) आणि ८०० चं कांस्य. गंमत म्हणजे त्याचाही वाढदिवस ७ ऑगस्ट, फक्त साल १९९६ आणि गाव रिव्हने. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध भडकल्यावर रोमान्चुक जर्मनीत, माग्देबुर्गला, आपला प्रतिस्पर्धी फ्लोरियान वेलब्रोकसोबत सराव करू लागला आणि त्याच उन्हाळ्यात बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ८०० ला वेलब्रोकच्या मागे तिसरा आला. यानाचं सिम्फेरोपोल तर २०१४ पासूनच रशियाच्या ताब्यात आहे. स्वतंत्र युक्रेनच्या नावावर ऑलिम्पिक जलतरणात आजही चारच सुवर्णं आहेत, चारही तिची.

आता तुमच्या लेकीकडे वळतो. कोचना सांगा, आयएमला हरकत नाही, पण या हंगामात तिला ४०० आयएम प्रत्येक स्पर्धेत उतरवू नका. त्याऐवजी ८०० फ्रीस्टाइल नियमित पोहू द्या आणि प्रत्येक स्ट्रोकच्या २०० मीटरच्या शर्यती आळीपाळीनं लावा. आत्ता ८०० मधली तिची प्रगती हाच माझ्यासाठी आयएमचा खरा अंदाज. पहिले आणि शेवटचे चारशे मीटर जवळजवळ सारख्या वेळेत येऊ लागले की समजा पाया बसतोय. पहिले चारशे जोरात आणि नंतर दमछाक, असं चालू असेल, तर आयएमची घाई नको.

ब्रेस्टस्ट्रोककडे खास लक्ष द्या, पण किकचे सेट मोजूनमापून. या वयात हाडं वाढत असतात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं ही ब्रेस्टस्ट्रोकच्या मुलांची नेहमीची तक्रार. दुखतंय असं पोरगी म्हणाली, तर तो 'कंटाळा' नाही. किक थांबवा, दोन दिवस फक्त पुल, म्हणजे नुसत्या हातांनी पोहणं, करू द्या, तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. बटरफ्लायही असाच: बिघडलेल्या तंत्रानं दोनशे मीटर ओढण्यापेक्षा पंचवीस-पंचवीसचे नीट तुकडे.

टर्नचा, म्हणजे भिंतीशी वळण्याचा, सराव वेगळा हवा, आणि इथे तलावाच्या लांबीचा प्रश्न येतो. आपल्याकडचे बरेच तलाव २५ मीटरचे. तिथे ४०० आयएममध्ये पंधरा टर्न येतात, ५० मीटरच्या तलावात सात. छोट्या तलावात भिंतीचा आधार घेऊन चांगली वेळ काढणारी मुलं राज्य पातळीवर मोठ्या तलावात गेली की ब्रेस्टस्ट्रोकच्या दुसऱ्या पन्नासात अडकतात. शक्य असेल तेव्हा तिला ५० मीटरच्या तलावात न्या, आठवड्यातून एकदा का होईना. आणि बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे जाणारा टर्न पंचांच्या नजरेत सर्वांत जास्त असतो: भिंतीला हात लागेपर्यंत शरीर पाठीवरच हवं, थोडं जरी आधी पालथं झालं तरी बाद. सुरुवातीला साधा उघडा टर्न (हात लावून, कोलांटी न घेता वळणं) शिकवा. क्रॉसओव्हरसारखे वेगवान, अवघड टर्न सोळा-सतराव्या वर्षी.

शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आठवीच्या मुलीला रोज दोन वेळचा सराव नको. सकाळचा एकच पण नीट, शनिवार-रविवार लांब अंतराचा. दहावीचं वर्ष पुढे आहेच. तेव्हा सराव कमी करावा लागला तर करा. पाया लांब अंतराचा असेल तर सहा महिन्यांच्या खंडानंतरही मुलं परत रुळावर येतात, वेगाच्या जोरावर पोहणाऱ्यांना जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे.

आणि ८०० मीटर पोहायला आवडतं का, हे एकदा लेकीलाच विचारा, कोच समोर नसताना. 'कंटाळा येतो पण चालेल' असं उत्तर आलं तर पुढच्या हंगामात ४०० आयएमची एक शर्यत लावून बघा. साफ 'नको' आलं, तर तिला २०० मीटरच्या आसपास राहू द्या.